आधी शास्त्राला बोलू द्या : बायबलवर भरवसा आणि स्वतःचा अभ्यास, नव्या वाचकासाठी

बायबल घरात असते. लग्नात मिळालेले, आजीने दिलेले, नाहीतर मंडळीतून बक्षीस आलेले. रविवारी ते पिशवीतून उपासनेला जाते आणि तसेच परत येते. आठवडाभर वचन मिळते ते मोबाईलवर, सूर्योदयाच्या फोटोवर लिहिलेल्या एका ओळीत. ती ओळ कोणी, कोणाला, कशासाठी लिहिली होती हे विचारायला घणसोलीहून आठ-दहाची लोकल पकडणाऱ्या माणसाकडे वेळ कुठून असणार?

ज्यांना हे पुस्तक स्वतः उघडून, समजून वाचायचे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. रोज पंचवीस मिनिटे, एक वही आणि एक पेन्सिल एवढी तयारी पुरते. पण वाचायला बसल्यावर पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न डोके वर काढतो : यावर विश्वास का ठेवायचा? तो प्रश्न बाजूला सारून केलेला अभ्यास टिकत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

भरवसा कशाच्या बळावर

बायबलचा अधिकार म्हणजे शेवटचा शब्द त्याचा. माझे मत, माझ्या घरची रीत, आवडत्या वक्त्याचे म्हणणे आणि शास्त्र यांत फरक पडला तर मी माझे म्हणणे तपासायला घ्यायचे. २ तीमथ्य ३:१६ मध्ये (म्हणजे अध्याय ३, वचन १६) शास्त्रासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा सरळ अर्थ 'देवाच्या श्वासातून आलेले' असा होतो. २ पेत्र १:२१ सांगते की माणसे बोलली, पण पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलली. दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. आमोस गुरे राखणारा होता, लूक वैद्य होता, पेत्र मासे धरणारा. प्रत्येकाची भाषा वेगळी, धाटणी वेगळी. त्यांची माणूसपणाची खूण पुसून टाकलेली नाही आणि तरी बोलणे देवाचे आहे, असा हा दावा आहे.

यावर कोणीही शहाणा माणूस विचारेल : पुस्तक स्वतःबद्दल सांगते म्हणून ते खरे, हे गोल गोल फिरणे झाले नाही का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर येशूपासून सुरू करावे. शुभवर्तमाने, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची येशूच्या जीवनाची चार पुस्तके, आधी साक्ष म्हणून वाचा. लूक पहिल्या चार वचनांतच सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती त्याने मुळापासून नीट तपासून घेतली. पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले ते साधारण इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की उठलेल्या येशूला पाचशेपेक्षा अधिक जणांनी पाहिले आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. जाऊन विचारा, असेच ते सांगणे आहे. आणि हे लिहिणारे स्वतःच्या माणसांची लाजही झाकत नाहीत. ज्या पेत्राला मंडळी खांब मानत होती, त्याने कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारले हे चारही शुभवर्तमानांत आहे.

मग त्या येशूने शास्त्राला कसे वागवले ते पाहा. मत्तय ४ मध्ये तो तीन मोहांना तीन वेळा 'असा शास्त्रलेख आहे' या आधारावर उत्तर देतो, आणि तीनही उत्तरे जुन्या करारातल्या, म्हणजे येशूआधीच्या भागातल्या, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली आहेत : ८:३, ६:१६, ६:१३. उपाशी, एकटा, रानात असताना त्याने ज्यावर भार टाकला त्यावर त्याच्या शिष्याने भार टाकावा, हा ख्रिस्ती माणसाचा सर्वांत पक्का आधार आहे. हस्तलिखितांचा पुरावा त्याच्यानंतर येतो.

तो पुरावाही माहीत असावा, कारण 'बायबल बदलले आहे' हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये कधी ना कधी ऐकू येतेच. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहांत यशयाची अख्खी गुंडाळी सापडली. ती ख्रिस्तापूर्वीची आहे. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रती साधारण दहाव्या शतकातल्या होत्या, म्हणजे मध्ये हजार वर्षांचे अंतर. दोन्ही शेजारी ठेवल्या तर बहुतेक फरक अक्षरांच्या लिहिण्यातले आणि किरकोळ शब्दांचे आहेत. काही ठिकाणी अर्थही थोडा सरकतो. यशया ५३:११ मध्ये गुंडाळीत 'प्रकाश' हा शब्द जास्त आहे. पण संदेश तोच. नव्या कराराच्या, म्हणजे येशूपासून पुढच्या भागाच्या, पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखित प्रती आणि तुकडे आहेत. योहानाच्या अठराव्या अध्यायाचा तळहातापेक्षा लहान एक तुकडा मँचेस्टरमध्ये आहे आणि तो सहसा दुसऱ्या शतकातला मानतात.

एवढ्या प्रती हाताने उतरवल्या म्हणजे फरक पडणारच. मोठे म्हणावेत असे दोनच उतारे आहेत : मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११, प्रत्येकी बारा वचनांचे. सर्वांत जुन्या प्रतींत ते नाहीत. अनेक भाषांतरे तिथे कंस घालतात किंवा तळटीप देतात. तो कंस दिसला तर दचकू नका. शंका आहे तिथे ती उघड सांगितली आहे, म्हणून बाकीच्या पानांवरचा विश्वास वाढायला हवा.

मात्र एक गोष्ट स्पष्ट असू द्या. प्रती चांगल्या टिकल्या यावरून मजकूर नीट आपल्यापर्यंत पोचला एवढेच ठरते. तो देवाचा शब्द आहे हे मन मान्य करते ते वाचता वाचता, त्यातल्या ख्रिस्ताला ओळखता ओळखता. म्हणूनच भरवसा पुरता बसेपर्यंत थांबू नका. जेवढा आहे तेवढ्यावर उघडा.

आणखी एक शंका इथल्या वस्तीत हटकून येते. ठाण्यातल्या किंवा उत्तनच्या ईस्ट इंडियन कॅथलिक शेजाऱ्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके असतात, प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलमध्ये ६६. फरक फक्त जुन्या करारात आहे, ४६ आणि ३९. नव्या कराराची २७ पुस्तके दोघांची अगदी सारखी. या लेखात पुढे जे सांगितले आहे ते दोघांनाही लागू पडते.

सामान

एक छापील बायबल हवे. फोन चालतो, पण फोनवर पान डोळ्यांपुढे राहत नाही आणि वरून नोटिफिकेशन येत राहतात. बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' बहुतेक मराठी मंडळ्यांत वाचले जाते, त्यामुळे तेच मुख्य ठेवले तर रविवारी ऐकलेले आणि घरी वाचलेले जुळते. विकत घेताना दोन गोष्टी पाहा : संदर्भवचने (तोच विषय बायबलात आणखी कुठे आला आहे ते दाखवणाऱ्या नोंदी) दिली आहेत का, आणि घरच्या ट्यूबलाइटखाली अक्षर वाचता येते का. दुकानातल्या उजेडावर जाऊ नका.

दुसरे भाषांतर तुलनेसाठी असावे, सोप्या मराठीतले. ते मोफत ॲपवर मिळते. एक वाक्य समजले नाही की दुसऱ्यात पाहायचे. मराठीत ही सोय नवी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर करण्यात घातली, ती शाळेत न गेलेल्या बायकांनाही समजावे म्हणून. पहिले सहा महिने तिसरे भाषांतर उघडू नका. मग वाचन कमी आणि तुलना जास्त होते.

शंभर पानी वही, एचबी पेन्सिल, खोडरबर. बायबलचा कागद पातळ असतो, जेल पेनची शाई पलीकडे उमटते आणि मागच्या पानावरचे वचन वाचता येत नाही. हायलायटरही नको. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, ओल्या छत्रीच्या पिशवीत बायबल टाकले की पाने फुगतात आणि एकमेकांना चिकटतात. चेनवाल्या प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये ठेवा आणि घरी आल्यावर बाहेर काढा. पाउचमध्येच राहिले तर दमटपणाने बुरशी धरते.

टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडून सांगणारी पुस्तके), अभ्यासमाला, व्हिडिओ यांपैकी काहीही आत्ता घेऊ नका. ते वाईट आहेत म्हणून नव्हे. दुसऱ्याचे उत्तर आधी वाचले की स्वतःचे डोळे त्या पानावर काही शोधतच नाहीत.

वेळ

पंचवीस मिनिटे अशी वापरा : दोन मिनिटे प्रार्थना, पाच मिनिटे उतारा दोनदा वाचणे, त्यातले एकदा मोठ्याने. दहा मिनिटे फक्त दिसते ते लिहिणे. पाच मिनिटे अर्थ. तीन मिनिटे उत्तरादाखल प्रार्थना आणि एक ओळ. प्रार्थना लांबलचक नको. स्तोत्र ११९:१८ मध्ये दोन मिनिटांत म्हणण्यासारखे मागणे आहे : माझे डोळे उघड.

वन बीएचकेमध्ये शांत कोपरा मिळत नाही ही खरी अडचण आहे. घरातले उठण्याआधीचा अर्धा तास, नाहीतर ऑफिसला वीस मिनिटे आधी पोचून तिथली रिकामी खुर्ची. काहींना मासुंदा तलावाकाठचा बाक सोयीचा पडतो. लोकलमध्ये अभ्यास होत नाही, हे आधीच मान्य करा; पण लोकलमध्ये वाचन आणि ऐकणे उत्तम होते. ठाणे ते वाशी ट्रान्स हार्बरने साधारण अर्धा तास लागतो, तेवढ्यात मार्काच्या शुभवर्तमानाचे चार-पाच अध्याय ऐकून होतात. अभ्यास घरी, फेरवाचन गाडीत, अशी वाटणी करा.

आठवड्यातून पाच दिवस ठरवा, सात नको. दोन दिवस मोकळे असले की शिफ्ट बदलली, पाहुणे आले, तरी गाडी रुळावर राहते. सात दिवसांचा नेम एका दिवशी मोडतो आणि मग माणूस अपराधी वाटून महिनाभर बायबल उघडत नाही.

कुठून सुरुवात

जानेवारीत उत्पत्तीपासून सुरू करणारे बहुतेक जण एकाच जागी अडतात. उत्पत्ती कथेसारखे वाहते, निर्गमाचे पहिले वीस अध्यायही. पुढे पंचविसाव्यापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे, खांब आणि पडदे सुरू होतात, मग लेवीय, अर्पणांच्या नियमांचे पुस्तक. ज्याला अजून येशूचे अर्पण माहीत नाही त्याला त्या अर्पणांचे काय करावे ते कळत नाही. म्हणून मार्क घ्या. सर्वांत लहान शुभवर्तमान, सोळा अध्याय, मोठ्याने वाचले तर सुमारे दीड तास.

पहिल्या दिवशी, शक्यतो रविवारी दुपारी, ते एका बैठकीत पूर्ण वाचा. न थांबता, न लिहिता. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे भोगतात. पत्र मधूनच दोन ओळी वाचून कोणी समजून घेत नाही. शुभवर्तमानाचेही तसेच आहे. पूर्ण वाचले की घडण दिसते : पहिल्या अर्ध्यात 'हा आहे तरी कोण' हा प्रश्न, ८:२९ मध्ये पेत्राचे उत्तर, त्यानंतर ८:३१, ९:३१ आणि १०:३३ असे तीनदा मरणाबद्दल सांगणे, आणि अकराव्या अध्यायापासून शेवटपर्यंत यरुशलेमेतला एकच आठवडा. सोळापैकी सहा अध्याय एका आठवड्यासाठी! लेखकाचे वजन कुठे आहे हे त्याने पानांनी दाखवले आहे.

दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा अध्याय. साधारण सात आठवड्यांत मार्क होतो. अध्यायांच्या खुणा मूळ लेखनातल्या नाहीत, हे लक्षात ठेवा. अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लिश धर्मगुरू स्टीफन लँगटनने पाडले आणि नव्या कराराची वचने १५५१ मध्ये छापखानदार रॉबेर एस्तिएनने क्रमांक घालून छापली. म्हणून विचार जिथे संपतो तिथे थांबा, आकडा संपतो तिथे नाही. मार्क ९:१ हे वाचून पाहा, ते आठव्या अध्यायाच्या शेवटाला चिकटलेले आहे.

एक उतारा जवळून : मार्क ४:३५-४१

वहीच्या डाव्या पानावर वरती संदर्भ आणि तारीख. खाली फक्त दिसते ते, वचनाच्या क्रमांकासह. अर्थ नाही, बोध नाही, 'यातून मला' नाही. हे दहा मिनिटे सांभाळणे सगळ्यात अवघड आहे, कारण उपदेश ऐकून आपल्याला ताबडतोब बोधाकडे उडी मारायची सवय लागलेली असते.

सात वचने आहेत. ३५ : संध्याकाळ आहे, आणि पलीकडे जाण्याचे येशूनेच म्हटले आहे. ३६ : बरोबर दुसऱ्याही नावा होत्या, हे मध्येच का सांगितले? मराठी बायबलात इथे 'मचवा', 'तारू' असे शब्द भेटतात. दिवाळे किंवा वाशीगावच्या कोळीवाड्यात मचवा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ३७ : पाणी आत येते आहे. ३८ : येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला आहे. शिष्य त्याला उठवतात, पण 'वाचव' म्हणत नाहीत. 'आम्ही बुडतो याची तुला पर्वा नाही काय' असे म्हणतात. ३९ : तो वाऱ्याला धमकावतो, समुद्राला गप्प राहायला सांगतो, आणि सगळे निवांत. ४० : त्याचे दोन प्रश्न. ४१ : शिष्य अतिशय घाबरले आणि एकमेकांना विचारू लागले की हा आहे तरी कोण.

आता या यादीकडे पुन्हा पाहा. सात वचनांत चार प्रश्न आहेत, आणि शेवटच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. शिष्यांची मोठी भीती वादळ थांबल्यावरची आहे. बारा शिष्यांतले किमान चौघे याच तळ्यावर मासे धरणारे होते, म्हणजे वादळ साधेसुधे नव्हते. गालील तळे समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दोनशे मीटर खाली आहे, डोंगरांवरून वारा अचानक खाली कोसळतो. ग्रीकमध्ये 'मोठे' हा एकच शब्द तीन जागी आला आहे : मोठे वादळ, मोठी शांतता, मोठी भीती. मराठीत तिन्ही ठिकाणी वेगवेगळे शब्द बसवावे लागतात, म्हणून ही साखळी झाकली जाते. दोन भाषांतरे शेजारी ठेवली की तिचा माग लागतो.

मग उजव्या पानावर अर्थ. इथे तीन ठिकाणी पाहायचे. आधी त्याच पुस्तकात : १:२५ मध्ये येशू अशुद्ध आत्म्यालाही धमकावून गप्प राहायला सांगतो, शब्द तेच आहेत. मग संदर्भवचने : स्तोत्र १०७:२३-३०, तिथे खवळलेल्या समुद्राला शांत करणारा परमेश्वर आहे. योना १ मध्येही वादळ आहे आणि झोपलेला माणूस आहे, पण तो देवापासून पळणारा. आणि शेवटी पुस्तकाचा ओघ : 'हा आहे तरी कोण' हाच मार्काचा प्रश्न, १५:३९ मध्ये वधस्तंभासमोर उभा असलेला रोमी शताधिपती त्याला उत्तर देतो.

या तीन ठिकाणी पाहून झाल्यावर एका वाक्यात लिहा की उतारा काय सांगतो. उदाहरणार्थ : जे काम जुन्या करारात परमेश्वर करतो ते येशू शब्दाने करतो, आणि शिष्यांना वादळापेक्षा या ओळखीची धास्ती जास्त वाटते. हे वाक्य 'देव माझ्या आयुष्यातले प्रत्येक वादळ थांबवील' यापेक्षा किती वेगळे आहे पाहा. दुसरे वाक्य गोड आहे, पण या सात वचनांत ते कोणी म्हटलेले नाही. शास्त्राचा अधिकार मानणे म्हणजे प्रत्यक्षात हेच : जे लिहिले आहे तेवढ्यावर थांबणे, आणि जे लिहिले आहे त्याखाली येणे.

शेवटची ओळ स्वतःसाठी, लहान आणि तारखेची. 'देवावर अधिक विश्वास ठेवीन' हे लिहून काही होत नाही. 'आईच्या रिपोर्टबद्दल तुला पर्वा नाही का असे मी मनात म्हणत आलो. आज रात्री ते त्याला उघड बोलून दाखवीन आणि त्याच्या दोन प्रश्नांना उत्तर देईन' हे होते.

मराठी शब्दांची गंमत आणि धोका

आपल्या बायबलमधले बरेच शब्द रोजच्या बोलण्यात दुसऱ्या अर्थाने वावरतात. वाचताना रोजचा अर्थ नकळत आत शिरतो.

'करार' म्हटले की नवी मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला अकरा महिन्यांचा करार आठवतो : दोन सह्या, डिपॉझिट, कोणीही मोडू शकतो. उत्पत्ती १५ वाचा. प्राण्यांचे तुकडे समोरासमोर ठेवलेले, अब्राहाम गाढ झोपेत, आणि धुराची भट्टी व जळता पलिता म्हणजे देवच त्यांमधून जातो. अब्राहाम जात नाही. सही एकट्या देवाची. 'तारण' बँकेत सोने गहाण ठेवताना वापरतात. बायबलात त्याचा अर्थ सुटका. 'प्रायश्चित्त' बोलण्यात माणसाने स्वतः घ्यायचे असते, पण १ योहान २:२ मध्ये ख्रिस्त स्वतःच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. घेणारा बदलला की सगळे शुभवर्तमान बदलते. अशा शब्दांसाठी वहीची शेवटची दहा पाने राखून ठेवा : शब्द, तो जिथे आला ती वचने, आणि तिथल्या वाक्यांवरून निघणारा अर्थ. तीन-चार महिन्यांत तुमचा स्वतःचा शब्दकोश तयार होतो.

दुसरीकडे मराठी मोठा फायदाही करून देते. 'तू' आणि 'तुम्ही' आपल्याकडे वेगळे आहेत. लूक २२:३१-३२ मध्ये येशू पेत्राशी बोलतो : सैतानाने 'तुम्हाला' चाळायला मागितले, पण मी 'तुझ्यासाठी' विनंती केली. चाळणी सगळ्यांची, प्रार्थना एकट्या पेत्राचे नाव घेऊन, आणि पुढे त्याने भावांना स्थिर करायचे. पौलाच्या पत्रांतले 'तुम्ही' बहुतेक वेळा आदरार्थी नसून अख्ख्या मंडळीला उद्देशून आहे. १ करिंथ ३:१६ मधले देवाचे मंदिर म्हणजे मी एकटा नव्हे, आम्ही सगळे मिळून.

हमखास चुकते ते

नव्या वर्षाच्या रात्री मिळालेले वचन कार्ड फ्रिजवर लावले जाते, आणि त्यावर यिर्मया २९:११ असण्याची शक्यता भरपूर. लावू नका असे नाही. पण अध्याय उघडा. ते बाबेलमध्ये नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. आधीच्या वचनात सत्तर वर्षे असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांतले कित्येक परतीचा दिवस पाहणार नव्हते. पाचव्या वचनात घरे बांधा, मळे लावा. सातव्यात, ज्या परक्या नगरात नेले आहे त्याच्या शांतीसाठी झटा आणि त्यासाठी प्रार्थना करा. नगर, सोलापूर, जालन्याहून पोटासाठी ऐरोली-कळव्याला आलेल्या माणसाला कार्डावरच्या ओळीपेक्षा हे अख्खे पत्र कितीतरी जास्त देते. वचन कार्डावर मिळाले की वरची दहा आणि खालची दहा वचने वाचायची, एवढा नियम पुरे.

फिलिप्पै ४:१३ चेही तसेच. परीक्षेच्या आदल्या रात्री ते पाठवतात. पण ११ आणि १२ वाचले तर पौल तुरुंगातून उपाशी राहणे आणि पोटभर जेवणे दोन्ही शिकल्याचे सांगतो आहे. आणि सुटे वचन किती घातक असते हे मत्तय ४:६ दाखवते. तिथे स्तोत्र ९१ मधली वचने सैतान म्हणून दाखवतो. शब्द खरे, वापर खोटा. येशू त्याला शास्त्रानेच उत्तर देतो : 'असाही शास्त्रलेख आहे'. वचनाला वचनाच्या शेजारी ठेवायचे ते असे.

घडले ते सांगणे आणि तसे करा म्हणणे यांत गल्लत होते. शास्ते ११ मध्ये घरातून आधी जे बाहेर येईल ते अर्पण करण्याचा इफ्ताहाचा नवस लिहिला आहे, तो करावा म्हणून नव्हे. नीतिसूत्रे जगण्याचा सर्वसाधारण कल सांगतात, हमीपत्र देत नाहीत. निर्दोष माणसाच्या दुःखाबद्दलचे ईयोबाचे पुस्तकही त्याच बायबलात ठेवले आहे ते उगाच नाही. प्रकटीकरण शेवटी वाचा, कारण त्याची चित्रे दानीएल, यहेज्केल, जखऱ्या यांतून आलेली आहेत आणि ती माहीत नसताना माणूस बातम्यांतून अर्थ शोधू लागतो. आणि फॉरवर्डमध्ये आलेल्या प्रत्येक 'वचनाचा' संदर्भ उघडून पाहा. 'जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो' हे वाक्य बायबलात नाही. 'प्रयत्नांती परमेश्वर' ही चांगली मराठी म्हण आहे, शास्त्रवचन नाही.

अडलेला प्रश्न दाबून टाकू नका, ओढून-ताणून सोडवूही नका. वहीच्या समासात प्रश्नचिन्ह आणि तारीख टाका. पुढच्या आठवड्यात पाळकांना विचारा. काही प्रश्न सहा महिन्यांनी दुसरे पुस्तक वाचताना आपोआप सुटतात, तेव्हा जुन्या पानावर परत जाऊन उत्तर लिहा.

एकट्याचा अभ्यास तपासायचा कसा

जे कोणालाच आजवर दिसले नाही ते मला आज सकाळी दिसले, असे वाटले तर बहुधा चुकले आहे. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये बिरुयाचे लोक पौलाचे सांगणेही रोज शास्त्रात शोधून पाहत होते; मग आपले तर पाहायलाच हवे, पाळकांचेही आणि आपलेही. चार ते आठ जणांनी आठवड्यातून एकदा एका घरी जमावे. सगळ्यांनी तोच उतारा आधी घरी केलेला असावा, नाहीतर एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. पाऊण ते एक तास, पलीकडे नको; शेजाऱ्यांची झोप आणि परतीची बस दोन्ही सांभाळावी लागतात. नियम एकच ठेवा : जो काही म्हणेल त्याने वचनाचा क्रमांक सांगायचा. क्रमांक नसेल तर ते मत आहे, चांगले असेल तरी. या एका नियमाने निम्मे वाद उठतच नाहीत, आणि गप्प बसणारी माणसेही बोलू लागतात, कारण क्रमांक दाखवायला वक्तृत्व लागत नाही.

मार्क झाला की फिलिप्पैकरांस पत्र घ्या : चार अध्याय, मोठ्याने पंधरा मिनिटांत वाचून होते, म्हणून पहिला आठवडाभर रोज अख्खे वाचा आणि दुसऱ्या आठवड्यापासून परिच्छेद घ्या. पत्रात 'म्हणून', 'कारण', 'परंतु' या शब्दांभोवती पेन्सिलने गोल करायचा. युक्तिवाद त्यांच्यावर उभा असतो. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले वीस अध्याय, मग लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग, कारण दोन्ही एकाच हाताने थियफिल नावाच्या एकाच माणसासाठी लिहिलेली आहेत. स्तोत्रांतले एक रोज मोठ्याने वाचायला पहिल्या दिवसापासून ठेवा. दीडशे आहेत, एकशे सतरावे दोन वचनांचे आहे, एकशे एकोणिसावे एकशे शहात्तर वचनांचे. त्याला आठ-आठ वचनांचे बावीस भाग पाडलेले आहेत, तेव्हा ते बावीस दिवसांत घ्या.